पोस्टातली डॉक्टर

"काहो चाचा, तुमची भाची पोष्टात लागून रायली म्हनते?"

आमच्या केनवडला बसची वाट पाहताना हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी नुसता हसलो. दुसऱ्यांदा विचारला गेला तेव्हा समजावून सांगायला लागलो. तिसरा भेटला त्यानं तर मलाच माहिती दिली की, पोस्टात आता डॉक्टरही घेतात आणि पगार बरा असतो. पोरीनं घरात 'पोस्टडॉक, पोस्टडॉक' असा घोष लावला होता. तो भिंतीपलीकडं गेला आणि त्याचं पोस्ट ऑफिस झालं.

आकाशवाणीवर बोलायला बोलावलं की मी कवितेवर बोलतो. या वेळी कवितेवर बोलवेना, कारण गेलं वर्षभर आमच्या घरात हाच एक विषय होता. मी साधा बी.ए. माणूस. विज्ञानाशी माझं नातं दहावीच्या परीक्षेनंतर तुटलं. पण इंग्रजी पत्र आलं की ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडं असतं आणि भाचीची पत्रं लिहिली जात होती तेव्हा शेजारी मी बसलो होतो. त्यातून जे कळलं तेच सांगतो. पीएच.डी. झालेली मुलं-मुली आता आपल्या वाशीम-बुलडाण्याच्या खेड्यांत नवलाईची राहिली नाहीत. त्यांच्या आईबापांना मात्र पुढचा रस्ता कोणी सांगत नाही.

आधी आमची अडचण काय होती ते ऐका. भाचीनं रसायनशास्त्रात अमरावती विद्यापीठातून पीएच.डी. केली. विषय म्हणाल तर अगदी आपल्या शेतातला. सोयाबीन काढल्यावर जे कुटार उरतं, त्याचा कोळसा करायचा, त्यावर अॅल्युमिनियमचा लेप द्यायचा आणि त्यानं पाण्यातलं फ्लोराइड ओढून घ्यायचं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असावं आणि दुसरा पाण्याचा साठाच नसेल तर फार तर दीड, असं भारतीय मानक आहे. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. यवतमाळकडच्या काही गावांना हे सांगावं लागत नाही. तर पदवी मिळाली, पेढे वाटले आणि दुसऱ्या महिन्यात एका शिक्षणसंस्थेकडून निरोप आला. जागा आहे, पण 'व्यवस्था' करावी लागेल. व्यवस्थेचा आकडा ऐकून माझे बहनोई रात्रभर झोपले नाहीत. सकाळी ट्रंकेतून सात-बारा काढून माझ्याकडं आले. म्हणाले, "भाईजान, रोडावरचे दोन एकर देऊन टाकू. पोरगी ठिकाणाला लागल."

पोरगी म्हणत होती, "मामू, अब्बांना सांगा, जमीन विकू नका. मला पोस्टडॉक करायचंय." आता हे पोस्टडॉक काय, हे ना बहनोईंना माहीत, ना मला.

मला ते समजलं ते आमच्या शायरीच्या रिवाजावरून. जुन्या काळी शागीर्द उस्तादाकडं गझल दाखवायचा, उस्ताद इस्लाह करायचा, म्हणजे दुरुस्ती. काही वर्षांनी उस्ताद म्हणायचा, आता तुला दाखवायची गरज नाही. तिथं शागिर्दी संपली, पण उस्तादी लगेच सुरू होत नसे. मधली काही वर्षं तो दुसऱ्या शहरात जाई, दुसऱ्यांच्या मैफलीत बसे, पहिल्या उस्तादाच्या लकबी अंगावरून उतरवत असे. पोस्टडॉक म्हणजे विज्ञानातली ही मधली वर्षं. पीएच.डी. झालेली आहे, नावाआधी डॉक्टर लागलेलं आहे, पण स्वतःची प्रयोगशाळा नाही. म्हणून दुसऱ्या एखाद्या जाणत्या माणसाच्या प्रयोगशाळेत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं पगारी संशोधन करायचं. विद्यार्थी नाही आणि प्राध्यापकही नाही. फी भरायची नसते, दरमहा मानधन मिळतं. मुदत संपली की जागा संपते.

ही पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेत १९१९ साली नॅशनल रिसर्च कौन्सिलनं रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातल्या नव्या डॉक्टरांना अशा फेलोशिप द्यायला सुरुवात केली. हुशार मुलं पीएच.डी. होताच शिकवण्याच्या ओझ्याखाली दबून जातात, त्यांना थोडी मोकळी वर्षं द्यावीत, असा त्यामागं विचार होता. पुढं ती विज्ञानाची रीतच झाली. आपल्याकडची माणसंही याच रस्त्यानं गेली. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर १९६९ साली मुंबईच्या यूडीसीटीतून पीएच.डी. झाले, इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठात गेले आणि १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परत आले. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर १९७४ साली शिकागोला डॉक्टर झाल्यावर ऑक्सफर्डला रॉजर पेनरोज यांच्याकडं गेले. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी १९८५ साली कॅलटेकमध्ये मिलिकन फेलो म्हणून गेले आणि पुढं तिथंच प्राध्यापक झाले. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. माशेल, शिरपूर, कुरुंदवाड ही नावं मी बहनोईंना मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "यांच्या अब्बांनी जमीन विकली होती का?"

आता जागा मिळते कशी? आपली समजूत अशी असते की जाहिरात येते, फॉर्म भरायचा, परीक्षा द्यायची, यादी लागते. पोस्टडॉकचं बहुतेक वेळा तसं नसतं. मुळात इथं पैसा दोन वाटांनी येतो, आणि कोणती वाट आपली हे कळलं की अर्धं काम होतं.

पहिली वाट म्हणजे प्रोफेसरच्या खिशातला पैसा. त्यांना एखादा प्रकल्प मंजूर झालेला असतो आणि त्यात माणूस ठेवायची तरतूद असते. आपल्याकडं या जागेला बहुधा रिसर्च असोसिएट म्हणतात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं १ जानेवारी २०२३ पासून या जागांचं मानधन अनुभवाप्रमाणे महिना ५८ हजार, ६१ हजार आणि ६७ हजार रुपये असं तीन पायऱ्यांचं केलं, घरभाडं वेगळं. जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते आणि मुदत कधीकधी पंधरा दिवसांचीच असते. वर्तमानपत्राची वाट पाहत बसलं की गाडी गेली. नागपूरची नीरी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, मुंबईची आयआयटी आणि आयसीटी यांची पानं भाची दर सोमवारी उघडून बघायची. आयसीटीचं तर २०१८ पासून जालन्यातही केंद्र आहे, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. काही संस्था स्वतःच्या पैशातूनही पोस्टडॉक घेतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या जागेचं नाव 'व्हिजिटिंग फेलो' असं आहे. ते वाचून आम्हाला वाटलं होतं, ही पाहुण्यांसाठीची जागा दिसते, आपल्याला काय उपयोग! एकाच गोष्टीला दहा नावं असतात, म्हणून नाव पाहून पान मिटू नये.

दुसरी वाट म्हणजे पैसा स्वतः घेऊन जायचा. फेलोशिप उमेदवाराच्या नावानं मिळते आणि तो ती घेऊन प्रोफेसरकडं जातो. आपल्या देशात यातली मोठी म्हणजे नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप. पूर्वी ती एसईआरबी नावाचं मंडळ द्यायचं, २०२४ पासून ते काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडं गेलं. मुदत दोन वर्षांची. वयाची अट ३५, पण स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांग यांना पाच वर्षांची सूट. प्रबंध सादर केला आहे पण पदवी हातात यायची आहे, अशांनाही अर्ज करता येतो. हे आम्हाला उशिरा कळलं. लग्न-बाळंतपणानं संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान विभागाची वाईज-पीडीएफ नावाची वेगळी योजना आहे. आपल्याकडच्या किती डॉक्टर सुनांना ती माहीत आहे, देव जाणे.

परदेशातही असंच. युरोपातल्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपचे अर्ज दरवर्षी सप्टेंबरात बंद होतात. तिथं कोणत्याही देशाचा माणूस चालतो, पण पीएच.डी. होऊन संशोधनाची आठ वर्षांहून अधिक झालेली नसावीत आणि ज्या देशात जायचं तिथं आधीच्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा. जपानच्या जेएसपीएस फेलोशिपसाठी पीएच.डी.ला सहा वर्षांहून जास्त झालेली चालत नाहीत आणि अर्ज तिथला यजमान प्रोफेसर करतो. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला तिथल्या यजमानाचं पत्र लागतं. अटी दर वर्षी थोड्या हलतात, म्हणून मूळ पान वाचल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावर, माझ्याही सांगण्यावर, विसंबू नये.

पण बघा, दोन्ही वाटा शेवटी एकाच दाराशी येतात. कोणीतरी एक प्रोफेसर 'ये' म्हणाला पाहिजे. आणि तो 'ये' म्हणतो एका पत्रावर.

भाचीनं पहिल्या महिन्यात दोनशे पत्रं पाठवली. मी मोजली नाहीत, तिनंच सांगितलं. सगळी सारखी. वर 'रिस्पेक्टेड सर', मग आपण किती मेहनती आहोत, मग आपल्याला त्यांच्या 'जगप्रसिद्ध' प्रयोगशाळेत संधी द्यावी, सोबत दहावीपासूनच्या गुणपत्रिका. त्यातले पाच-सहा 'सर' बाया होत्या. एकाचंही उत्तर आलं नाही. ती रडकुंडीला आली, बहनोई सात-बारा घेऊन पुन्हा आले.

ते पत्र मला दाखवलं तेव्हा मी म्हटलं, बेटा, मी तरुणपणी हेच केलं होतं. एकच कविता महाराष्ट्रातल्या सगळ्या मासिकांना एकाच दिवशी पाठवली. बालमासिकालाही गेली. कुठंच छापून आली नाही. मासिक वाचल्याशिवाय त्याला कविता पाठवू नये, हे मला कळायला सहा वर्षं लागली. तू ज्यांना लिहितेस त्यांचं काय वाचलंस? ती गप्प बसली. वाचलेलं होतं, पुष्कळ वाचलेलं होतं, पण पत्रात त्यातला एक शब्द नव्हता.

१९२४ साली ढाक्याच्या विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस नावाच्या तरुण शिक्षकानं आइन्स्टाइनना पत्र लिहिलं. ओळख नाही, पीएच.डी. तर त्यांच्याकडं कधीच नव्हती. सोबत गुणपत्रिका जोडली नव्हती, एक छोटा लेख जोडला होता. प्लांकचा नियम मी वेगळ्या रीतीनं काढला आहे, वाचून बघा आणि योग्य वाटला तर जर्मनमध्ये छापायची व्यवस्था करा, असा मजकूर. आइन्स्टाइननी स्वतः भाषांतर करून तो छापवला. त्यांच्या एका पोस्टकार्डावर बोसना विद्यापीठानं परदेशी जायला दोन वर्षांची रजा दिली. पोस्टाचा आणि संशोधनाचा संबंध नाही असं कोण म्हणेल! त्याआधी १९१३ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनानं केंब्रिजच्या हार्डींना गणिताच्या प्रमेयांनी भरलेली पानं पाठवली होती. तो रामानुजन. त्यानं त्याआधी केंब्रिजच्याच दुसऱ्या दोघांना लिहून पाहिलं होतं, तिथं काही जमलं नव्हतं. ही गोष्ट मी भाचीला दोनदा सांगितली, कारण दोनशे पत्रांपेक्षा ते 'दोघं' तिला जास्त धीर देणारे होते.

बोस आणि रामानुजन आपण सगळे नाही. पण पत्राची रीत त्यांच्याकडून घेता येते. पत्रात काम असावं. आम्ही नवी पत्रं लिहिली ती एका पानाच्याही आत. पहिल्या ओळीत, तुमच्या अमुक शोधनिबंधात फ्लोराइडबरोबर फॉस्फेट असेल तर शोषण घटतं असं दिसतं. दुसऱ्यात, मी कुटाराच्या कोळशावर काम केलं आहे, त्यात अमुक आकडा मिळाला. तिसऱ्यात, हे दोन्ही जोडून अमुक करून पाहता येईल असं वाटतं. मग पदवी, दोन छापलेले निबंध, शिफारसपत्र देऊ शकतील अशा तिघांची नावं, आणि कोणत्या फेलोशिपला अर्ज करायची तयारी आहे ते. बस्स. 'जगप्रसिद्ध' हा शब्द मी काटला. इंग्रजी मला तिच्यापेक्षा जास्त येतं असं नाही, पण खोटा विशेषण मला कोणत्याही भाषेत ओळखू येतो.

लिहायचं कोणाला, हे शोधायची एक युक्ती तिला तिच्या गाईडनी सांगितली आणि ती मला फार आवडली. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या दोन ओळी असतात. आपण त्या वाचत नाही. त्यात कोणत्या संस्थेनं पैसे दिले हे लिहिलेलं असतं. निबंध नवा असेल तर त्या प्रोफेसरकडं प्रकल्प चालू असण्याचा संभव असतो. कवितासंग्रहातही मी आधी अर्पणपत्रिका वाचतो, माणूस कोणाचा ते तिथं कळतं. आणखी एक, हे सगळं पदवी हातात आल्यावर सुरू करायचं नसतं. प्रबंध सादर करायच्या आधी वर्षभर पत्रव्यवहार सुरू व्हावा, परिषदांमध्ये दोन शब्द बोलून ओळख करून घ्यावी. आमच्या पोरी परिषदेत निबंध वाचतात आणि जेवणाच्या वेळी एका कोपऱ्यात उभ्या राहतात. विचारायची सवय आपण त्यांना लावलेलीच नसते. वर्गात जास्त विचारणारीला आपण आगाऊ म्हणतो.

कमला सोहोनी आठवा. तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या परत गेल्या नाहीत, तिथंच ठाण मांडलं. शेवटी वर्षभर पाहू, अशा अटींवर घेतलं. पुढं केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम-सी दाखवून दिलं आणि १९३९ साली पीएच.डी. घेतली. प्रबंध चाळीस पानांचा. आज बंगळूरच्या त्याच संस्थेत रामन यांच्या नावाची पोस्टडॉक फेलोशिप आहे आणि तिच्यासाठी मुलीही अर्ज करतात. काळही कधीकधी इस्लाह करतो.

एका गोष्टीबद्दल सावध करतो. मधल्या काळात एका शहरातून फोन आला : परदेशात पोस्टडॉक लावून देतो, आधी अमुक रक्कम भरा. बहनोई तयार झाले होते, कारण तो आकडा 'व्यवस्थे'पेक्षा कमी होता. अर्जाची किरकोळ फी कुठं असेल तर असो, पण पोस्टडॉकच्या जागेत पैसा त्यांनी आपल्याला द्यायचा असतो. जागेसाठी पैसे मागितले की ती जागा नव्हेच.

आणि आईबापांना खरं तेही सांगितलं पाहिजे. पोस्टडॉक ही कायमची नोकरी नाही. एक संपलं की दुसरं शोधणारे, दुसरं संपलं की तिसरं शोधणारे पुष्कळ आहेत आणि तेवढ्यांना पुरतील इतक्या प्राध्यापकांच्या जागा ना भारतात आहेत, ना अमेरिकेत. काही जण कंपन्यांत जातात, काही तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी यादी करताना पोस्टडॉकच्या प्रत्येक वर्षाला दोन गुण ठेवले, शिकवण्याचा आणि हा अनुभव धरून जास्तीत जास्त दहा. म्हणजे ही वर्षं हिशेबात येतात. पण हमी नाही. मी बहनोईंना म्हटलं, दोन एकर देऊन जी नोकरी लागेल तिचीही हमी तुम्हाला कोणी लिहून दिलेली नाही. इथं निदान जमीन राहते. त्यांना ते पटलं की माझ्या वयाचा मान ठेवला, कळलं नाही. सात-बारा त्या दिवशी त्यांनी माझ्याच घरी ठेवला.

नवी पत्रं सहाच गेली. तीन आठवडे काही नाही. मग एका रात्री साडेअकराला भाचीनं दार वाजवलं. एका प्रोफेसरचं उत्तर होतं, चार ओळींचं. सध्या माझ्याकडं पैसे नाहीत. पण पुढच्या फेलोशिपसाठी तुझं नाव मी सुचवू शकेन, दोन पानांचा प्रस्ताव पाठव. आणि एक सांग, प्रयोगशाळेत बनवलेल्या पाण्यावर तुझा कोळसा चालतो हे दिसलं, विहिरीच्या खऱ्या पाण्यावर करून पाहिलंस का?

करून पाहिलं नव्हतं. नकार आहे की होकार, हे मला त्या चार ओळींतून ठरवता येईना. ती मात्र त्या शेवटच्या प्रश्नावरच अडकली होती. "मामू, हा प्रश्न मला व्हायव्हाला कोणी विचारला नाही," एवढंच दोन-तीनदा म्हणाली.

परवा सकाळी ती आमच्या विहिरीच्या पाण्याची पाच लिटरची कॅन घेऊन अमरावतीला निघाली. बहनोई सोडायला आले होते, कॅन त्यांनीच वर चढवली. कंडक्टरनं विचारलं, काय आहे यात? पाणी, म्हणाले. कंडक्टर हसला, "अमरावतीत पानी नाई भेटत का, चाचा?"

"हे तपासाचं हाये," बहनोई म्हणाले, आणि कॅन सीटखाली नीट सरकवून खाली उतरले.